थप्पी आणि रांग

२०२४ च्या आषाढातील ती संध्याकाळ. दिवसभर पावसाची झड लागून राहिली होती. सायंप्रार्थना आटोपून आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयाचे दार लावीत होतो, तोच आमच्या एका कुटुंबातील माउली डोक्यावरची पोत्याची खोळ झटकीत पायरीवर येऊन उभी राहिली.

"फादर, पोरगं तीन दिवस झाले धड जेवंना. पुन्हा नापास झालंय. आता शिकणार नाही म्हणतंय. तुम्हीच बोला त्याला. तुमच्याच शब्दावर धाडलं होतं आम्ही."

शेवटचे वाक्य त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पण ते खरे होते, आणि म्हणून रात्रभर आमच्या मनातून जाईना.

मुलाला संगणक अभियांत्रिकीस पाठविण्याचा सल्ला आमचाच होता. त्यामागची हकीकत अशी. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याची वार्ता जगभर झाली. त्याच महिन्यात भारतातील लायगो प्रयोगशाळेस केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली आणि पुढे तिच्यासाठी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याची जागा ठरली. आम्ही तेव्हा याच धर्मग्रामात साहाय्यक होतो. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, नेमलेला पाठ बाजूला ठेवून, आम्ही मुलांना ती बातमी सांगितली. एकशेतीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली आणि त्या धक्क्याने चार किलोमीटर लांबीच्या नळीत अणूहूनही कितीतरी सूक्ष्म असा फरक पडला, तो माणसाने टिपला! सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. "फादर, एवढा बारीक आवाज एवढ्या गोंगाटातून वेगळा कसा काढतात?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. नंतर वाचून कळले, की ते काम ठरावीक गणिती रीतीने संगणकाकडून करवून घेतात आणि त्या रीतीच्या घडणीत पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. पुढच्या रविवारी आम्ही त्याला ते सांगितले. "मग मी तेच शिकणार," तो म्हणाला. लहान मुले असे पुष्कळ काही म्हणतात. हा मुलगा विसरला नाही, हीच अडचण झाली.

अकरावी त्याने टाळेबंदीत, वडिलांच्या मोबाईलवर केली. २०२२ साली बारावी झाली. वडील मोंढ्यात हमाल, आई लोकांच्या शेतात निंदणीस जाणारी. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत आम्ही स्वतः गेलो, ओळखपत्र दिले. बाहेरगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पहिले वर्ष कसेबसे पार पडले. दुसऱ्या वर्षी 'डेटा स्ट्रक्चर्स' नावाचा विषय आला आणि त्यात तो दोनदा नापास झाला. आणखी दोन विषय राहिले होतेच. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला वह्यापुस्तके घेऊन बोलाविले. सांगावयास संकोच वाटतो, पण तोवर हा विषय म्हणजे काय याची आम्हांस गंधवार्ताही नव्हती. मुलाची वही मात्र नेटकी होती. सुवाच्य अक्षर, पानामागून पान प्रोग्राम. आम्ही म्हणालो, "बरे, स्टॅक म्हणजे काय, ते सांग." त्याने डोळे मिटले आणि आपल्या लहानपणी पाढे म्हणत तसा इंग्रजीतला सबंध प्रोग्राम, अर्धविरामासकट, म्हणून दाखविला. एक अक्षर चुकले नाही.

"हे झाले. पण ती वस्तू काय आहे?"

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "फादर, परीक्षेत प्रोग्रामच विचारतात."

आम्हांस हसू आले नाही, कारण आम्हांस आमचे स्वतःचे सेमिनरीतील दिवस आठवले. तर्कशास्त्राच्या तासाला अनुमानाच्या प्रकारांची लॅटिन नावे असलेला एक श्लोक पाठ करावा लागे : बार्बारा, सेलारेंट आणि पुढचे. प्रत्येक नावातील स्वरांत एकेका अनुमानाची घडण दडवलेली आहे, हे गुपित आम्हांस परीक्षा उत्तीर्ण होऊन गेल्यावर कळले. तोवर आम्ही ती नावे मंत्रासारखी म्हणत होतो आणि गुणही मिळवीत होतो. फरक इतकाच, की आमच्या प्रश्नपत्रिका दयाळू होत्या.

त्यानंतरचे पाच महिने आम्ही त्याच्याबरोबर तो विषय शिकलो. शिकविला असे म्हणणार नाही. रात्री आम्ही त्याचे पुस्तक वाचीत असू आणि सकाळी त्याच्याहून फार तर चार पाने पुढे असू.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी संगणकाचे विद्यार्थी असतील, तरी विषयाची तोंडओळख करून देणे बरे. संगणकाजवळ माहिती पुष्कळ असते. ती कशा रीतीने रचून ठेवली म्हणजे हवी तेव्हा चटकन हाती येईल, हा डेटा स्ट्रक्चर्सचा प्रश्न. आणि रचलेल्या माहितीवर एखादे काम कोणत्या पायऱ्यांनी करावे, म्हणजे ते अचूक होईल आणि वेळही थोडा लागेल, हा अल्गोरिदमचा. हा दुसरा शब्द नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. त्याच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरातून भारतीय अंकांनी हिशेब करण्याची रीत युरोपला मिळाली. म्हणजे शब्द परका असला तरी मालात थोडा आपलाही वाटा आहे.

पुस्तकात स्टॅकसाठी बशांच्या चळतीचे चित्र होते, कुठल्याशा उपाहारगृहातले. आम्ही म्हटले, बशा कशाला? तुझे वडील रोज काय करतात?

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा मोठा व्यापार चालतो, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. हंगामात हळद घेऊन आलेल्या वाहनांची रांग यार्डाबाहेर रस्त्यापर्यंत जाते. आम्ही गेलो तेव्हा मोठी गर्दी ओसरली होती, तरी पाचपंचवीस वाहने उभी होतीच. मुलाचे वडील आम्हांस पाहून ओशाळले. डोक्यावरचे फडके काढून पुढे आले. आम्ही त्यांना एकच विचारले : "थप्पीतले सगळ्यांत खालचे पोते हवे असेल तर काय करता?"

ते मुलाकडे नि आमच्याकडे आळीपाळीने पाहू लागले. "काय करणार फादर, वरची समदी उतरवायची. म्हणून तर आडत्याला आधीच विचारून घ्यावं लागतं, कोणता माल पहिला जाणार. जो पहिला जाणार तो वर. नाहीतर दुप्पट हमाली, अन् दुसऱ्या बारीची मजुरी कोणी देत नाही."

"आणि बाहेरच्या गाड्या?"

"त्यांची रांग. आला त्याचा नंबर पहिला. मधी कोणी घुसला तर डोकी फुटतात."

मुलगा थप्पीकडे पाहत राहिला. जे शेवटी ठेवले ते पहिले निघते : स्टॅक. जे पहिले आले ते पहिले जाते : क्यू. ही दोन वाक्ये त्याने इंग्रजीत शंभर वेळा लिहिली होती. बापाच्या पाठीवर ती तो जन्मापासून पाहत आला होता. दोन्हींची गाठ कोणी घालून दिली नव्हती. वडिलांनी जाताना विचारले, "फादर, याला इंजिनेरिंग म्हणतात?" त्यांच्या स्वरात थट्टा होती की कर्जाची काळजी, ते आम्हांस समजले नाही.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मोंढ्याच्या त्या फेरीने आम्ही हुरळून गेलो. आता सगळा विषय असाच उदाहरणांनी सोडवू, असे वाटू लागले. तसे होत नाही. मोंढ्यातल्या थप्पीला जागेची मर्यादा डोळ्यांना दिसते. संगणकातल्या थप्पीला किती जागा राखली आहे हे आपणच लिहून ठेवावे लागते, आणि ती रिकामी असताना पोते मागितले तर काय करावे हेही. मुलाचे दोन प्रोग्राम नेमके रिकाम्या थप्पीपाशी कोसळत होते. वडील रिकाम्या थप्पीला हात घालीत नाहीत, कारण त्यांना डोळे आहेत. यंत्राला ते नाहीत. उदाहरण दारापर्यंत आणून सोडते. आत स्वतःच जावे लागते, आणि आत बारकावे असतात.

लिंक्ड लिस्टच्या वेळी आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवह्या कामी आल्या. या रचनेत माहितीचे तुकडे एकापाठोपाठ एक ठेवलेले नसतात, कुठेही असतात. प्रत्येक तुकड्यापाशी पुढचा तुकडा कुठे आहे त्याचा पत्ता तेवढा लिहिलेला असतो. या पत्त्याला पॉइंटर म्हणतात, आणि सी भाषा शिकणाऱ्या निम्म्या मुलांचा धीर याच शब्दापाशी सुटतो. आम्ही बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही उघडली. धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ५३५ प्रमाणे माणसाचे दृढीकरण, विवाह आदी गोष्टींची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे समासात करावयाची असते. विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला तर तेथील धर्मगुरूने बाप्तिस्म्याच्या ठिकाणी कळवावयाचे असते. समासात लिहिलेले असते : विवाह अमुक गावी, अमुक दिवशी. त्या गावच्या वहीत उलट दिशेचा पत्ता : बाप्तिस्मा अमुक ठिकाणी.

"म्हणजे दुहेरी आहे ही, फादर," तो पटकन म्हणाला. "डबली लिंक्ड." मग समासातल्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "आणि इथे? यांचे लग्न झालेच नाही?"

त्या बाईंना आम्ही ओळखत होतो. त्यांचे लग्न होऊन तीस वर्षे झाली आहेत. कळविण्याचे पत्र कुठेतरी गहाळ झाले असणार.

"मग ही लिस्ट तुटली," तो म्हणाला. "इकडून गेले तर तिकडे पोचताच येत नाही." त्याच दिवशी संध्याकाळी त्याने नोड काढून टाकण्याचा प्रोग्राम पुस्तक न पाहता लिहिला. आम्ही त्या धर्मग्रामास पत्र पाठविले, ते वेगळेच.

नोंदवहीवरून आणखी एक प्रसंग घडला, आणि त्यात आमचीच फजिती झाली. शोधण्याच्या रीतींचा पाठ चालला होता. बायनरी सर्च म्हणजे यादीच्या मधोमध उघडावे, हवे ते नाव आधी येते की नंतर ते पाहावे, नको ती अर्धी यादी सोडून द्यावी, उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध पुन्हा उघडावे. हजार नावांत दहा वेळा उघडून नाव सापडते. दहा लाख नावांत वीस वेळा. माहिती हजारपट वाढली आणि कष्ट दुप्पट झाले, हा या विषयातला पहिला चमत्कार म्हणावा लागेल. आम्ही उत्साहाने बाप्तिस्म्याची वही पुढे केली आणि म्हणालो, "शोध, तुझ्या आजीचे नाव."

तो हसला. पाच महिन्यांत तो तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणाने हसला असेल. "फादर, वही तारखेने लावलेली आहे. मी नावाने शोधतोय. यात बायनरी चालणारच नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जावे लागेल."

एकतीस वर्षे आम्ही नोंदवह्या हाताळीत आहोत आणि दाखल्यासाठी आलेल्या लोकांना "तारीख आठवते का?" असे विचारीत आहोत. का विचारतो, ते त्या दिवशी कळले! वहीच्या शेवटी आद्याक्षरांची सूची असते ती याचसाठी. पूर्वीच्या कोणा धर्मगुरूने ती अर्धवट सोडली आहे.

सूचीवरून त्याला आम्ही फादर रोबेर्तो बुसा यांची गोष्ट सांगितली. हे इटालियन जेज्विट. संत थॉमस अक्विनास यांच्या लेखनातील एका संकल्पनेचा अभ्यास करताना लॅटिनमधील 'मध्ये' या अर्थाचा एवढासा शब्द कुठे कुठे आला आहे ते पाहण्यासाठी त्यांनी हाताने दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या. मग सबंध लेखनाचीच शब्दसूची करावी असे त्यांच्या मनाने घेतले. शब्द सुमारे एक कोटी! १९४९ साली ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. छिद्रे पाडलेल्या कार्डांवर काम सुरू झाले, ते तीस वर्षे चालले आणि छापील सूचीचे छप्पन्न खंड झाले. फादर बुसा २०११ साली वारले. आमच्या सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्गात अक्विनास रोज होते. बुसांचे नाव आम्ही कधी ऐकले नाही. तीच गोष्ट सिस्टर मेरी केनेथ केलर यांची. १९६५ साली अमेरिकेत संगणकशास्त्राची डॉक्टरेट मिळविणाऱ्या अगदी पहिल्या काही व्यक्तींत ही धर्मभगिनी होती. पुढे आयोवा राज्यातील क्लार्क कॉलेजात त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला आणि वीस वर्षे चालविला. मुलाच्या आईला ही गोष्ट फार आवडली. "सिस्टर होत्या?" असे त्यांनी तीनदा विचारले.

पण शोधण्याची रीत समजणे निराळे आणि ती लिहिणे निराळे. सप्टेंबरात एका रात्री मुलगा लॅपटॉप घेऊन आला. बायनरी सर्चचा प्रोग्राम सुरू होई आणि थांबतच नसे. चार तास तो चूक शोधत होता. "एवढे सोपे येत नाही मला. माझे डोकेच नाही, फादर," तो म्हणाला. आईने सांगितलेले ते जेवण सोडून बसलेले पोर आम्हांस पुन्हा समोर दिसू लागले. चूक अखेर सापडली : मधले पान पाहून झाल्यावर ते शोधाच्या कक्षेतून वगळावयाचे राहिले होते, त्यामुळे शेवटच्या दोन पानांत यंत्र जागच्या जागी फिरत होते. तोवर आमच्या वाचनात या रीतीचा इतिहास आला होता, तो त्याला सांगितला. बायनरी सर्च पहिल्यांदा १९४६ साली मांडली गेली. पण कोणत्याही लांबीच्या यादीस बिनचूक चालेल असे तिचे रूप प्रसिद्ध व्हावयास १९६० उजाडले. आणि पुढे २००६ साली जोशुआ ब्लॉक या अभियंत्याने दाखवून दिले, की जावा भाषेच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या संग्रहातील बायनरी सर्चमध्येही चूक आहे आणि ती सुमारे नऊ वर्षे तेथे बसून होती. यादी प्रचंड मोठी झाली, की मध्य काढण्यासाठी केलेली बेरीजच यंत्राच्या मापात मावत नाही आणि उत्तर उणे येते. हा प्रोग्राम लिहिणारे स्वतः ब्लॉकच! आपली चूक आपणच जगाला सांगितली.

मुलाने विचारले, "मग त्यांना नोकरीवरून काढले नाही?"

"नाही."

त्याने घरी जाऊन भाकरी मागून घेतली, असे आईने दुसऱ्या दिवशी सांगितले.

क्रम लावण्याच्या रीतींसाठी आम्ही गायनवृंदातील मुलांना वेठीस धरले. रविवारी मिस्सानंतर क्रमांक घातलेली बत्तीस गीतपुस्तके विस्कटून दिली. पहिल्या खेपेस एकाने एकेक पुस्तक उचलून, लावलेल्या पुस्तकांशी एकेक ताडून, योग्य जागी सारावे. दुसऱ्याने दर ताडणीला कागदावर रेघ ओढावी. रेघा अडीचशेच्या वर गेल्या. दुसऱ्या खेपेस पुस्तके दोन-दोनच्या जोड्यांत लावली, मग दोन जोड्या मिसळून चार, चारांचे आठ, असे करीत गेलो. या वेळी रेघा सव्वाशेच्या आत राहिल्या. "हजार पुस्तके असती तर?" असे आमच्या विद्यार्थ्याने मुलांना विचारले आणि स्वतःच उत्तर दिले : पहिल्या रीतीने वाईटात वाईट क्रम आला तर जवळजवळ पाच लाख रेघा, दुसऱ्या रीतीने दहा हजारांहून कमी. लहान मुलांना शिकविताना त्याचा आवाज बदलतो, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

त्याच्या प्राध्यापकांविषयी कटू लिहावे असे आमच्या मनात होते. पुढे त्यांच्यापैकी एकाशी बोलणे झाले आणि लेखणी आवरली. तो तरुण तासिका तत्त्वावर नेमलेला. वर्गात साठांहून अधिक मुले, अभ्यासक्रम ठरलेल्या तारखेस संपवावयाचा, प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासावयाच्या, आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची शाश्वती नाही. तो म्हणाला, "मी थांबून समजावतो तेव्हा मुलेच म्हणतात, सर, प्रोग्राम लिहून द्या." बोलताना त्याची नजर घड्याळावर होती, पुढचा तास दुसऱ्या महाविद्यालयात होता.

भाषेचा प्रश्न उरतो. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकविण्यास मुभा दिली आणि निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग काढला. आम्हांस त्याचे कौतुक आहे. मात्र आमचा अनुभव असा, की स्टॅकला स्टॅक म्हटल्याने कोणाचे अडत नाही. त्यासाठी संस्कृतातून नवा शब्द घडविला तर मुलाला दोन शब्द पाठ करावे लागतील, एवढेच. अडते ते 'का' आणि 'कसे' या शब्दांपाशी. ते शब्द मुलाच्या घरच्या बोलीत विचारता आले पाहिजेत. त्याने वर्गात दोन वर्षांत एकही प्रश्न विचारला नव्हता, कारण प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत तास संपे.

रिकर्शनपाशी मात्र आमची विद्या संपली. एखादे काम स्वतःच स्वतःला पुन्हा बोलावते, हे कसे समजवावे? ट्री, म्हणजे फांद्या फुटत जाणारी रचना, आम्ही आनंदाने शिकविली होती, कारण तिसऱ्या शतकातील पॉर्फिरीचा वृक्ष आम्ही तर्कशास्त्रात काढला होता : द्रव्य शरीरी की अशरीरी, शरीरी असेल तर सजीव की निर्जीव, असे दोन-दोन वाटांनी मनुष्यापर्यंत उतरत जाणारा. पण त्या झाडावर चढणारा प्रोग्राम रिकर्शनने लिहितात. आम्ही आरशासमोर आरसा धरण्याचे उदाहरण दिले. "मग ते थांबते कुठे?" त्याने विचारले. आमचे उदाहरण थांबत नव्हते. ते चुकीचेच होते.

दिवाळीच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी पुण्याहून घरी आली होती. ती तेथे एका कंपनीत संगणक अभियंता आहे. तिने अर्ध्या तासात काम केले. ती म्हणाली, "फादर कुटुंबांची मोजणी करतात ना, तशी कर. आजोबांना विचार, तुमच्या कुळात माणसे किती? आजोबा स्वतः मोजत नाहीत. प्रत्येक मुलाला तोच प्रश्न विचारतात, आलेल्या आकड्यांची बेरीज करतात आणि त्यात आपला एक मिळवतात. प्रत्येक मुलगा आपल्या मुलांना तोच प्रश्न विचारतो. ज्याला मूलबाळ नाही, तो नुसता 'एक' म्हणतो. तिथे थांबते." मग जरा थांबून, "आणि उत्तर येईपर्यंत आजोबांचा प्रश्न कुठे असतो?"

मुलगा क्षणभर आढ्याकडे पाहत राहिला. "थप्पीत. खाली. नातवाचा सगळ्यांत वर."

आम्ही तीन आठवडे ज्यासाठी झगडलो ते असे झाले. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगावे?

डिसेंबरात परीक्षा झाली, फेब्रुवारीत निकाल. तो उत्तीर्ण झाला. गुण काठावरून थोडे वर. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, एक अजून मानगुटीवर होता, पण तिसऱ्या वर्षाची वाट मोकळी झाली. वर्ष गेले ते गेलेच, कर्जावरचे व्याजही वाढले. वर्ग सुरू होईपर्यंत तो सकाळी एका आडत दुकानात संगणकावर पावत्या करू लागला आणि दुपारी आमच्या कार्यालयात बसून बाप्तिस्म्याच्या वहीची अर्धवट सूची पुरी करू लागला. पुढच्या वर्षाचे अल्गोरिदमचे पुस्तकही त्याने आताच आणून ठेवले होते.

त्या पुस्तकात एक अल्गोरिदम आहे, एडस्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाचा. १९५६ साली अॅमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून थकल्यावर एका कॉफीगृहाच्या सज्जात बसून, कागदपेन्सिलीवाचून, वीसेक मिनिटांत त्यांनी तो योजला. अनेक गावे, त्यांना जोडणारे अनेक रस्ते. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची सर्वांत जवळची वाट कोणती? मुलाने धर्मग्रामाच्या जुन्या पत्रकाच्या पाठीवर हिंगोली, औंढा, वसमत, कळमनुरी, बाळापूर, अर्धापूर, नांदेड अशी वर्तुळे काढली आणि त्यांना रेषांनी जोडले. वडील त्याला न्यावयास आले होते. दारात वहाणा काढून आमच्या मागे उभे राहून पाहत होते.

"औंढ्यावरून वसमत, तिथून नांदेड किती किलोमीटर होईल, बाबा?" त्याने रेषेवर लिहिण्यासाठी पेन्सिल टेकवीत विचारले.

"किलोमीटर कशाला लिहितो?" वडील म्हणाले. "कोणत्या रस्त्यानं किती वेळ लागतो ते लिही. भरल्या ट्रकची वाट वेगळी, रिकाम्याची वेगळी."

मुलाने पेन्सिल उचलली, वडिलांकडे पाहिले, आणि त्यांना बसावयास खुर्ची सरकविली.